डॅलसच्या मराठी मॅव्हज मंडळींना खुलं पत्र : उरलेले पिक विकायला सांगू नका

प्लेनो, टेक्सस
23 नोव्हेंबर 2025

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपण जमलो होतो तेव्हा पोहे खाता खाता आपल्या बास्केटबॉल टीमसाठी, एनबीए लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स म्हणजेच मॅव्हजसाठी, चार ट्रेड (दुसऱ्या टीमशी खेळाडूंची देवाणघेवाण) मांडले गेले. कुणी आपल्या अँथनी डेव्हिसच्या बदल्यात मिलवॉकीचा यानिस मागितला, कुणी आपले क्ले आणि गॅफर्ड देऊन एखादा चांगला पॉइंट गार्ड. माणसं वेगळी, टीम वेगळ्या, पण चारही ट्रेडमध्ये आपला 2026 चा फर्स्ट राउंड पिक, म्हणजे त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडण्याचा हक्क, समोरच्याच्या ताटात वाढलेला होता. मी तेव्हा काही बोलले नाही. मुलं खेळत होती, यजमानांची धावपळ चालली होती, वादाची ती वेळ नव्हती. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी या टीमची कोण, ते तुम्हाला माहीत आहे. कॉलेजात असताना पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर खेळायचे. 2006 मध्ये लग्न होऊन इथे आले, आणि त्याच जूनमध्ये मायामीविरुद्ध 2-0 अशी आघाडी असताना आपण फायनल 4-2 ने हरलो. नव्या देशात मला पहिल्यांदा रडू आलं ते त्या रात्री. 2011 मध्ये त्याच मायामीला त्यांच्या घरात हरवलं तेव्हा शेजारच्या घरातल्या ज्या बाईंशी पाच वर्षांत धड बोलणं झालं नव्हतं, त्यांनी अंगणात येऊन मला मिठी मारली. त्यामुळे जिंकण्याची घाई मला कळत नाही असं कृपा करून समजू नका.

मला आधी सांगायचंय ते हे, की आपलं म्हणणं वरपर्यंत पोचतं. 1 फेब्रुवारीच्या रात्री अकरा वाजून गेल्यावर आपला हुकमी खेळाडू ल्युका डॉन्चिच लेकर्सला दिल्याची बातमी आली. लेक झोपली होती. तिच्या खुर्चीवर 77 नंबरची जर्सी घडी करून ठेवलेली होती. सकाळी तिला काय सांगायचं, या विचारात मी आणि हे दोन वाजेपर्यंत स्वयंपाकघरात बसून होतो. दुसऱ्या दिवशी लोक एरिनाबाहेर आपल्या जुन्या ताऱ्याच्या, डर्क नोविट्स्कीच्या पुतळ्यापाशी जमले, फुलं ठेवली, शवपेटी आणून ठेवली. त्यानंतर सामन्यामागून सामन्यात ‘फायर निको’चा घोष झाला. तुमच्यातले कितीतरी जण त्यात होते, मीही होते. नऊ महिन्यांनी, मोसमाची सुरुवात 3 विजय आणि 8 पराभव अशी झाल्यावर, 11 नोव्हेंबरला तो ट्रेड करणारे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना काढलं. आता मायकेल फिन्ली आणि मॅट रिकार्डी तात्पुरतं बघताहेत. ते काय निव्वळ आपल्या ओरडण्याने झालं असं मी म्हणत नाही. पण मालकांच्या कानावर काय पडत होतं, ते सगळ्यांना दिसलं. म्हणूनच आपण यापुढे काय मागतो, याची मला काळजी वाटते.

माझ्या माहेरी साताऱ्याकडे शेती आहे. कुणी जमीन विकायला आलं की आजोबा सातबारा मागायचे, आणि क्षेत्र किती हे बघण्याआधी त्यांचं बोट ‘इतर हक्क’ या रकान्यावर जायचं. सोसायटीचा बोजा किती, बँकेचा किती. उभं पीक कितीही हिरवंगार दिसो, बोजा कळल्याशिवाय ते बोलणी करत नसत. ल्युका गेल्यावर मी आणि लेकीने मिळून फ्रिजवर तसाच एक कागद लावला. वर वर्षं, खाली चौकोन. आपल्या मालकीचा पिक असेल तर हिरवा, गेलेला लाल, आणि ज्याच्यावर दुसऱ्याचा हक्क आहे तो पिवळा. घरात त्याला आम्ही सातबाराच म्हणतो.

तो कागद असा आहे. 2026 हिरवा. 2027 लाल : फेब्रुवारी 2024 मध्ये पी. जे. वॉशिंग्टनसाठी शार्लटला दिला, आणि लॉटरीत (ड्राफ्टमधले वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत) पहिला किंवा दुसरा क्रमांक लागला तरच तो आपल्याकडे राहील. 2028 पिवळा. त्या वर्षी ओक्लाहोमा सिटीला अदलाबदलीचा हक्क आहे, म्हणजे आपला पिक पाचवा आणि त्यांचा अठ्ठाविसावा आला तर ते आपला पाचवा उचलतील आणि अठ्ठाविसावा आपल्या हातात ठेवतील. त्या हक्काच्या बदल्यात आपण त्यांचा 2024 चा पिक घेतला होता आणि तो वॉशिंग्टन शहराच्या टीमला देऊन गॅफर्डला आणलं. 2029 लाल, काइरीसाठी 2023 मध्ये ब्रुकलिनला गेला आणि पुढे ह्यूस्टनबरोबरच्या त्यांच्या व्यवहारात पडला. 2030 पुन्हा पिवळा, सॅन अँटोनियोला अदलाबदलीचा हक्क.

या शेवटच्या चौकोनापाशी जरा थांबा. तो हक्क आपण 2023 च्या उन्हाळ्यात ग्रँट विल्यम्सला आणण्यासाठी दिला. विल्यम्स इथे अर्धा मोसम होता, मग पी. जे. वॉशिंग्टनच्या ट्रेडमध्ये तोही शार्लटला गेला. माणूस सहा-सात महिन्यांत गेला, बोजा सात वर्षं राहिला. आणि 2030 मध्ये सॅन अँटोनियोत कोण असेल? त्यांचा तारा वेम्बान्यामा तेव्हा 26 वर्षांचा असेल. आपली अवस्था वाईट असली तर आपला चांगला पिक त्याच्या मदतीला जाईल.

हे सगळे व्यवहार चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. काइरी, वॉशिंग्टन, गॅफर्ड यांच्याशिवाय 2024 ची फायनल आपण पाहिली नसती. तेव्हा आपल्याकडे 25 वर्षांचा ल्युका होता. घरात असा मुलगा कमावता असताना भविष्यातले पिक मोडून आजची टीम बांधणं हे शहाणपणाचं होतं. बोजा काढला तो त्याच्या भरवशावर. मग तोच गेला, आणि बोजा आपल्या नावावर राहिला. आजची खरी अडचण एवढीच आहे. डेव्हिस, क्रिस्टी आणि लेकर्सचा 2029 चा एक पिक, एवढं त्या बदल्यात आलं.

आता तुमच्या चार ट्रेडकडे येते. मंडळी, मोसम चालू असताना 2026 चा पिक दुसऱ्याच्या नावावर करताच येणार नाही. लीगचा नियम आहे की लागोपाठच्या दोन वर्षांत टीमकडे एकही फर्स्ट राउंड पिक नाही अशी स्थिती येता कामा नये. 2027 चा आधीच शार्लटकडे बांधलेला आहे, म्हणून 2026 हलत नाही. फार तर अदलाबदलीचा हक्क देता येईल. या नियमाला टेड स्टेपियन यांचं नाव आहे. 1980 च्या सुमारास ते क्लीव्हलंडचे मालक होते आणि त्यांच्या काळात पुढच्या कित्येक वर्षांचे पिक वाटले गेले. ते घेणारं प्रमुख गिऱ्हाईक कोण होतं? 1980 मध्ये नव्याने सुरू झालेली आपली डॅलसची टीम. क्लीव्हलंडकडून आलेल्या त्या पिकमधून 1984 मध्ये सॅम पर्किन्स आला, पुढच्या वर्षी डेटलेफ श्रेम्फ, त्याच्या पुढच्या वर्षी रॉय टार्पली. 1988 मध्ये आपण लेकर्सला वेस्टच्या फायनलमध्ये सातव्या सामन्यापर्यंत नेलं, त्यात या पिकचा मोठा वाटा होता. दुसऱ्याच्या उतावळेपणावर आपलं पहिलं घर उभं राहिलं. त्या बाजूची मंडळी काय गमावून बसली, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळायला हवं?

पण नियमाने राखलंय म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ड्राफ्टच्या रात्री आपण नाव पुकारलं की तो मुलगा लगेच ट्रेड करता येतो. लेकर्सचा 2029 चा पिक तर आजही देता येतो, आणि 2031 किंवा 2032 यांतला एक. म्हणजे वाचलेलं सगळं एका दुपारी संपवता येईल. 15 डिसेंबरनंतर उन्हाळ्यात करार केलेले बहुतेक खेळाडू ट्रेडसाठी मोकळे होतात आणि 5 फेब्रुवारीला मुदत संपते. या सात आठवड्यांत, नव्या माणसांवर आधीच्या माणसाची चूक भरून काढण्याचं दडपण असताना, आपण बाहेरून ‘कुणीतरी मोठा आणा’ म्हणून ओरडलो, तर ते आणतील. त्याचीच मला भीती आहे.

‘पिक म्हणजे नुसती आशा, यानिस म्हणजे खात्री,’ असं एक काका म्हणाले. काका, तुमचा मान ठेवून सांगते, पिक म्हणजे काय ते आपण जून 2024 मध्ये मैदानावर पाहिलं आहे. बॉस्टनने आपल्याला 4-1 ने हरवलं ते जेलन ब्राउन आणि जेसन टेटम यांच्या जोरावर. दोघेही मुळात ब्रुकलिनच्या पिकमधून आलेले. 2013 मध्ये ब्रुकलिनने गार्नेट आणि पिअर्स या उतरत्या वयाच्या दोघांसाठी 2014, 2016 आणि 2018 चे पिक दिले आणि 2017 च्या अदलाबदलीचा हक्कही दिला. 2016 च्या पिकमधून ब्राउन आला. 2017 च्या हक्काने पहिला क्रमांक हाती आला, बॉस्टन दोन पायऱ्या खाली उतरलं आणि टेटम घेतला. 2025 चं विजेतेपद घेतलेल्या ओक्लाहोमा सिटीचंही तेच. पॉल जॉर्ज लॉस एंजेलिसला देताना त्यांनी तरुण शाय घेतला आणि वर पिक घेतले, त्यातल्याच एकातून 2022 मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला.

आणि यानिसचा विषय निघालाच आहे तर, 2013 च्या ड्राफ्टमध्ये तेरावा क्रमांक आपला होता. ड्वाइट हॉवर्डला आणायचं म्हणून पगाराच्या मर्यादेत जागा मोकळी करायची होती, त्यासाठी आपण तेरावरून सोळावर आणि सोळावरून अठरावर उतरलो. यानिस पंधरावा गेला. हॉवर्डने ह्यूस्टन निवडलं. मोठ्या नावासाठी केलेली घाई त्या रात्री अशी महागात पडली, आणि आज बारा वर्षांनी, तो एकतिशीला आलेला असताना, त्याच माणसासाठी उरलंसुरलं देऊन टाका असं आपण म्हणतोय.

यानिस थोर खेळाडू आहे, त्यात वाद नाही. पण यंदाच्या ड्राफ्टमध्ये आपण पहिला निवडलेल्या कूपर फ्लॅगचं वय बघा. 21 डिसेंबरला तो 19 वर्षांचा होईल. डेव्हिस 32, काइरी 33 आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरणारा, क्ले 35. फ्लॅग पंचविशीत येईल तेव्हा यांतलं कुणी त्याच्याबरोबर धावत नसेल. तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहणारे आज कॉलेजात आहेत, काही तर अजून शाळेत.

तो आपल्याकडे आला कसा, हे विसरू नका. गेल्या मोसमात 39 विजय, 43 पराभव, शिकागोशी बरोबरी. ती चिठ्ठीने सुटली आणि लॉटरीतल्या आकड्यांच्या 1000 जोड्यांपैकी 18 आपल्याला मिळाल्या, शिकागोला 17. म्हणजे 1.8 टक्के. 12 मेच्या संध्याकाळी आम्ही पानं वाढून टीव्हीसमोर बसलो होतो. मंचावर आपल्या बाजूने रोलँडो ब्लॅकमन. पाकिटं चौदाव्या क्रमांकापासून उघडत खाली येत होती. बारावं शिकागोचं निघालं. अकरावं आपलं असायला हवं होतं, त्यातून पोर्टलंडचं चिन्ह बाहेर आलं. लेकीला हिशेब माझ्याआधी कळला. ती ताटावरून उठली आणि वरणाचा हात तसाच घेऊन घरभर धावली. फेब्रुवारीनंतर या खेळावरून तिला हसताना मी तेव्हा पाहिलं. 17 विजयांचं युटा पाचव्यावर घसरलं, 18 विजयांचं वॉशिंग्टन सहाव्यावर, आणि आपण पहिले. कुणी म्हणतं लीगने ते घडवून आणलं. मला ते पटत नाही. नशिबाने दिलं, आणि असं नशीब दुसऱ्यांदा दार वाजवेल या भरवशावर कुणी संसार करत नाही.

काही तरुण मंडळींचं म्हणणं अगदी उलट आहे : या मोसमात मुद्दाम हरत राहू आणि वरचा पिक घेऊ. तेही मला मान्य नाही. एप्रिल 2023 मध्ये पिक वाचवायला आपण शेवटच्या टप्प्यात खेळाडू बसवून ठेवले होते. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. पिक वाचला, त्यातून लाइव्हली आला आणि लाइव्हली माझा लाडका आहे, हे खरं. तरीही तिकीट काढून मुलांना घेऊन आलेल्या लोकांसमोर हरण्याचा प्रयत्न करणं मला त्या वेळीही लाजिरवाणं वाटलं होतं. फ्लॅगला पहिल्याच वर्षी ते शिकवू नये. ऑक्टोबरमध्ये पहिल्या सामन्यात सॅन अँटोनियोने 125-92 असं झोडपलं, तरी त्या पोराने 10 गुण आणि 10 रिबाउंड घेतले. कोच किडने त्याला आल्या आल्या पॉइंट गार्डचं ओझं दिलं, ते त्याचं काम नाही, पण त्याने मान खाली घातली नाही. त्याला खेळू द्या, जिंकायचा प्रयत्न करू द्या. डेव्हिस आणि काइरी नसताना जे काय पराभव होतील ते होतील.

मग मागायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. डेव्हिसच्या *बरोबर* पिक द्यायचा नाही, डेव्हिसच्या *बदल्यात* पिक घ्यायचा. फेब्रुवारीत ह्यूस्टनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने 26 गुण, 16 रिबाउंड आणि 7 असिस्ट करून दाखवले आणि त्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर गेला. आत्ताही पोटरीच्या दुखण्याने ऑक्टोबरअखेरपासून बसलाय. यात त्याचा काही दोष नाही, ल्युकाच्या जागी त्याला उभं केलं हा अन्याय त्याच्यावरही झाला, आणि एरिनात त्याच्याविरुद्ध कुणी ओरडू नये असं मला मनापासून वाटतं. पण यंदाचा पगार 5 कोटी 40 लाख डॉलर, वय 32. जिंकायच्या उंबरठ्यावरच्या टीमला तो हवा असेल. त्यांच्याकडून दोन तरुण खेळाडू आणि एखादा खरा, बिनअटीचा फर्स्ट राउंड पिक मिळाला, तर फ्रिजवरचा एखादा लाल चौकोन भरून निघेल. पगाराच्या नियमांमुळे एवढं मोठं नाव विकणं सोपं नाही आणि भाव मनासारखा येणार नाही, हेही धरून चाला. सेकंड राउंडचे पिक आले तर नाक मुरडू नका. जेलन ब्रन्सन आपल्याला 33 वा मिळाला होता. तो 2022 मध्ये एका पैच्याही मोबदल्याशिवाय न्यूयॉर्कला गेला, ते दुःख वेगळं. 2015 मध्ये 52 व्या क्रमांकावर आपण पंजाबातल्या सतनाम सिंगचं नाव पुकारलं, भारतात जन्मलेल्या खेळाडूचं ड्राफ्टमधलं ते पहिलं नाव. त्याला मुख्य मोसमातला एकही सामना मिळाला नाही, पण त्या रात्री माझ्या भावाने साताऱ्याहून फोन केला होता.

आणि 2026. या वर्षीची पोरं बघताय ना? कॅन्ससचा डॅरिन पीटरसन, बीवाययूचा एजे डिबान्त्सा, ड्यूकचा कॅमेरॉन बूझर. रात्री जेवणं आटोपली की आम्ही कॉलेजचे सामने लावतो. मला पीटरसन हवा. चेंडू हातात घेऊन टीम चालवणारा गार्ड फ्लॅगच्या बाजूला मिळाला, की फ्लॅगच्या खांद्यावरचं ते ओझं उतरेल. लेकीला डिबान्त्सा हवा, त्याच्या लांब ढांगांसाठी. आमच्यात यावरून रोज भांडण होतं. आपला क्रमांक पाचवा-सहावा आला तर तिघांतलं कुणीच मिळणार नाही, हे दोघींनाही माहीत आहे. तरीही घ्यायचाच. 2018 मध्ये सॅक्रमेंटोकडे, मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टीमकडे, दुसरा क्रमांक होता. त्यांनी मार्विन बॅगली घेतला. ल्युका अटलांटाने तिसरा उचलला आणि आपण पाचवा क्रमांक आणि पुढच्या वर्षीचा एक पिक देऊन त्याला घरी आणलं. आपल्या लोकांनी तेव्हा महिनोन् महिने एका पोराचे सामने माद्रिदला जाऊन पाहिले होते, म्हणून ते जमलं. नव्या व्यवस्थापकाची निवड होईल तेव्हा मला हेच हवंय : असा माणूस, ज्याला गावोगावच्या जिममध्ये बसून अठरा वर्षांची मुलं बघायचा कंटाळा नाही.

येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला आपण बरेच जण पुन्हा एकत्र आहोत. विषय निघेलच. काका, तुम्ही यानिसचा ट्रेड पुन्हा मांडा, मी शांतपणे ऐकेन. फक्त त्यात आपल्याकडून जाणाऱ्या रकान्यात लेकर्सचा 2029, आपला 2031 आणि जूनमध्ये येणारा मुलगा, यांतलं काही असेल तर मी तिथेच हात वर करणार आहे. ज्यांच्याकडे सीझन तिकिटं आहेत त्यांना एक विनंती : तिकीट ऑफिसचा फोन येतो, काही सुचवायचंय का म्हणून विचारतात, तेव्हा हे सांगा. आम्ही थांबायला तयार आहोत, असं सांगा. त्यांना ते कुणी सांगितलेलंच नाही.

लेक तो कागद घेऊन येणार आहे. 2029 च्या खाली तिने जांभळ्या पेनाने छोटा दुसरा चौकोन काढलाय, ‘ल्युकाच्या टीमचा’ असं लिहून.

तुमचीच,
प्लेनोतली एक मॅव्हज चाहती